आयआरसीवर आपला होस्ट ॲड्रेस बघायचा कसा? कॉम्प्युटरला नका विचारू, सर्व्हरला विचारा

आधी एक काम करा, बाकी उत्तर नंतर वाचा. प्रश्नात तुम्ही व्हूइजचं, म्हणजे आयआरसी या टेक्स्ट-चॅटवर कोण कुठून आलंय ते सांगणाऱ्या कमांडचं, सगळं आउटपुट जसंच्या तसं चिकटवलंय, त्यातली 'इज कनेक्टिंग फ्रॉम' वाली ओळ काढून टाका. त्या ओळीत तुमचा खरा पत्ता असतो, ती सर्व्हर फक्त तुम्हाला (आणि नेटवर्क चालवणाऱ्यांना) दाखवतो, दुसऱ्या कुणी तुमचं व्हूइज केलं तर त्याला दिसत नाही, आणि तुम्ही ती सगळ्या गावाला वाटली आहे. झालं ते झालं, पण काढा.

आता प्रश्न. मी समजलो तो असा: तुम्ही लिबेरा या आयआरसी नेटवर्कवर एका चॅनलमध्ये रोज बसता, तिथे एगड्रॉप बॉट (चॅनल सांभाळणारा प्रोग्राम) आहे, चॅनलच्या मालकाने 'तुझा होस्टमास्क (तुला ओळखायचा पत्त्याचा नमुना) दे, बॉटमध्ये टाकतो, मग आल्या आल्या ऑप (चॅनल चालवायचे अधिकार) मिळेल' असं सांगितलं. तुम्ही विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग मारलं, १९२.१६८.१.७ आलं, ते दिलं, बॉट ओळखेना. मग कुठल्यातरी 'माझा आयपी सांगा' छाप साइटवरचा आकडा दिला, तरी ओळखेना. मग एमआयआरसीत (तुमच्या आयआरसीच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे क्लायंटमध्ये) /व्हूइज केलं तर त्यात यूजर, तिरकी रेघ आणि पुढे तुमचं नाव असं काहीतरी, आणि /यूजरहोस्ट केलं तर परत तो साइटवालाच आकडा. म्हणून तुम्ही विचारताय की माझा खरा होस्ट ॲड्रेस कुठला. आणि ताजा कलम म्हणून जाता जाता लिहिलंय की मराठीत लांब मेसेज टाकला की शेपूट तुटतं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का. गंमत म्हणजे आहे, आणि मला विचाराल तर तोच भाग जास्त इंटरेस्टिंग आहे, पण तो शेवटी घेऊ.

(कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा. व्हूइज म्हणजे 'व्हू' आणि 'इज' सलग, यूजरहोस्ट म्हणजे 'यूजर' आणि 'होस्ट' सलग, मध्ये स्पेस नाही.)

तर खरा होस्ट कुठला? तिन्ही खरे आहेत. प्रश्न 'खरा कुठला' असा नसून 'कोणाला दिसणारा' असा आहे. एक तुमच्या कॉम्प्युटरला वाटतो तो, म्हणजे १९२.१६८ वाला, तो राउटरने घरातल्या घरात दिलेला नंबर, शेजारच्या घरातही कुणाचा तरी तोच असणार. दुसरा सर्व्हरला दिसतो तो, म्हणजे तुमचं कनेक्शन जिथून बाहेर पडतं तो पब्लिक पत्ता. आणि तिसरा चॅनलमधल्या बाकीच्यांना दिसतो तो, जो सर्व्हर ठरवतो आणि सगळ्यांना सांगतो. बॉट हा चॅनलमधला एक बाकीचाच, त्याला तिसरा दिसतो. तुम्ही त्याला पहिला दिला, मग दुसरा दिला. एवढाच घोळ आहे.

हा तिसरा पत्ता येतो कुठून ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी अडणार नाही. आयआरसी १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने लिहिलं. तेव्हा एकेका मोठ्या युनिक्स मशिनवर ढीगभर लोक लॉगिन करून बसायचे, त्यामुळे माणसाची ओळख म्हणजे टोपणनाव, मग उद्गारचिन्ह, मग त्या मशिनवरचं लॉगिन, मग ॲट, मग मशिनचं नाव, अशी ठरली. निक!यूजर@होस्ट. त्या काळी ही ओळ वाचली की माणूस कुठल्या कॉलेजातल्या कुठल्या मशिनवर बसलाय ते कळायचं. आज ती रचना तशीच आहे, १९९३ च्या आरएफसी १४५९ या नियमांच्या दस्तऐवजात लिहिलेली, फक्त अर्थ झिजलाय.

तुम्ही कनेक्ट होता तेव्हा सुरुवातीला 'लुकिंग अप युवर होस्टनेम' आणि 'चेकिंग आयडेंट' अशा ओळी सरसर जातात ना, ज्या कुणीच वाचत नाही, तिथे हे सगळं ठरतं. सर्व्हरला तुमचा आयपी तर दिसतोच. तो डीएनएसला (इंटरनेटवरची नावं आणि आयपी यांची डिरेक्टरी) उलटा प्रश्न विचारतो की या आयपीचं नाव काय. नाव आलं तर लगेच विश्वास ठेवत नाही, ते नाव परत सुलटं विचारतो, आणि त्यातून तोच आयपी परत आला तरच ते नाव तुमचा होस्ट म्हणून लावतो. नाहीतर कुणीही स्वतःच्या आयपीला वाटेल ते नाव देऊन मिरवलं असतं. नाव जुळलं नाही किंवा मिळालंच नाही तर सरळ आयपीचे आकडे लावतो. नाव फार लांब असेल, ६३ अक्षरांच्या वर, तरीही आकडेच. म्हणून एकाच घरात एका कंपनीचं कनेक्शन असताना होस्ट म्हणजे लांबलचक नाव दिसतं आणि कंपनी बदलली की नुसते आकडे दिसतात, यात तुमच्या क्लायंटचा काही दोष नसतो.

आणि लॉगिनच्या जागी नावाआधी जी नागमोडी रेघ दिसते, ती टिल्ड, तिचा अर्थ 'हे नाव याने स्वतः सांगितलंय, मी खात्री केलेली नाही'. सर्व्हर तुमच्या मशिनच्या ११३ नंबरच्या पोर्टवर येऊन विचारतो की हे कनेक्शन कुठल्या यूजरचं, उत्तर मिळालं नाही तर टिल्ड लावतो. घरच्या राउटरमागून हे उत्तर बहुधा जात नाही, त्यामुळे जवळपास सगळ्यांनाच टिल्ड असतं. पण राउटरच्या सेटिंगमध्ये कधी काही हललं आणि उत्तर गेलं तर टिल्ड गायब होतं आणि ज्या मास्कमध्ये टिल्ड धरून ठेवलेलं तो मास्क फेल जातो. म्हणून अनुभवी लोक मास्कमध्ये यूजरच्या आधी तारा (*, म्हणजे इथे काहीही चालेल) टाकतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन-तीनदा स्वतःच्याच बॉटने दारातून हाकलल्यावर कळलं.

आता तुमच्या केसमध्ये काय झालं. लिबेरावर तुमचं रजिस्टर्ड अकाउंट आहे आणि तुम्ही कधीतरी त्यांच्या क्लोकवाल्या चॅनलमध्ये जाऊन क्लोक घेतलाय (तिथे '!क्लोकमी' टाइप केलं की मिळतो, बहुतेक लोक एकदा घेतात आणि विसरून जातात). क्लोक म्हणजे झाकण. होस्टच्या जागी सर्व्हर 'यूजर/अकाउंटनाव' एवढंच दाखवतो. तो डीएनएसमध्ये कुठेच नाही, पिंग करायला जाल तर काही मिळणार नाही, पण आयआरसीपुरता तोच तुमचा होस्ट. म्हणून बॉटला द्यायचा मास्क असा: तारा, उद्गारचिन्ह, तारा, ॲट, आणि पुढे क्लोक. म्हणजे *!*@यूजर/तुमचंअकाउंट. हा मास्क तुम्ही गावाला गेलात, मोबाइलवरून आलात, कंपनी बदललीत तरी चालतो, कारण तो अकाउंटला चिकटलेला आहे, वायरला नाही.

मग यूजरहोस्टने क्लोक का नाही दाखवला? हा प्रश्न मला पूर्वी फार छळायचा. सरळ विचार केला तर दोन्ही कमांड एकाच सर्व्हरला विचारतात, उत्तर एकच हवं. कारण असं की एमआयआरसीसारखे क्लायंट कनेक्ट झाल्या झाल्या गुपचूप स्वतःचंच यूजरहोस्ट विचारतात, 'मी बाहेरून कसा दिसतो' हे कळावं म्हणून, कारण राउटरमागे बसलेल्या क्लायंटला स्वतःचा पब्लिक पत्ता कळायला दुसरा मार्ग नसतो आणि फाइल पाठवायला तो लागतो. सर्व्हर लिहिणाऱ्यांनी ही अडचण ओळखून मुद्दाम सोय ठेवली की कुणी स्वतःचंच यूजरहोस्ट विचारलं तर त्याला खरा आयपी द्यायचा, क्लोक नाही. लिबेरा ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याच्या कोडमध्ये हे कारण कमेंट म्हणून चक्क लिहून ठेवलंय. दुसऱ्या कुणी तुमचं यूजरहोस्ट विचारलं तर त्याला क्लोकच मिळतो. म्हणजे तीच कमांड, तोच निक, पण विचारणारा कोण यावर उत्तर बदलतं. यूजरहोस्टचं उत्तर वाचताना आणखी एक: निकनंतर बरोबरचं चिन्ह, मग अधिक किंवा उणे, मग यूजर आणि होस्ट. अधिक म्हणजे माणूस हजर, उणे म्हणजे अवे लावलेलं. ते अधिकचं चिन्ह मास्कचा भाग समजून कॉपी केलेले लोक मी पाहिलेत.

व्हूइजमध्ये मात्र दोन्ही येतं. पहिल्या ओळीत निक, यूजर आणि दिसणारा होस्ट, तो बॉटसाठी. आणि खाली ती 'कनेक्टिंग फ्रॉम' ओळ, ३७८ नंबरची, ती खऱ्या पत्त्यासह पण बाकीच्या यूजरना नाही. वर काढायला सांगितली ती हीच. तुमचं क्लोक व्यवस्थित काम करत होतं, ते तुम्हीच उघडलंत.

हे सगळं नेटवर्कवर अवलंबून आहे हे मान्य करतो, लिबेराचं उत्तर दुसरीकडे जसंच्या तसं चालणार नाही. क्वेकनेटवर क्यू नावाच्या बॉटकडे लॉगिन करून स्वतःला प्लस एक्स मोड लावला की होस्ट अकाउंटनाव.यूजर्स.क्वेकनेट.ऑर्ग असा होतो, अंडरनेटवरही तशीच पद्धत, तिथे शेवटी अंडरनेट.ऑर्ग. अनरियल नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कितीतरी छोट्या नेटवर्कवर काही न करताच होस्टचा अर्धा भाग कुस्करून दाखवतात, म्हणजे नेटवर्कचं नाव, एक रेघ आणि पुढे अगम्य अक्षरं. तो घोळ वाटतो पण त्यात पद्धत आहे, तुमचा आयपी तोच राहिला तर कुस्करलेलं रूपही तेच राहतं, म्हणजे बॅन लावता येतो पण पत्ता कळत नाही. ईएफनेट आणि आयआरसीनेटवर जुनी परंपरा, तिथे झाकणबिकण न देता आहे ते दाखवायचं असाच रिवाज राहिलाय. आणि तुम्ही झेडएनसीसारखा बाउन्सर (तुमच्या वतीने कायम जोडलेला राहणारा मधला प्रोग्राम) वापरत असाल तर दिसणारा होस्ट तुमच्या घरचा नसून बाउन्सर ज्या मशिनवर आहे तिथला, मग घरच्या आयपीची चर्चाच संपली.

क्लायंटप्रमाणे कुठे बघायचं ते पटकन सांगतो. एमआयआरसीत दोन स्लॅश देऊन //एको -ए $होस्ट किंवा $आयपी असं टाकलंत तर काहीतरी येईल, पण ती किंमत ऑप्शन्स, कनेक्ट, लोकल इन्फो या पानावर जी बसलीय तीच, म्हणजे कनेक्ट होताना शोधलेली. तिथे लुकअप मेथड 'सर्व्हर' ठेवा, 'नॉर्मल' ठेवलंत तर तोच १९२.१६८ वाला माथी बसू शकतो. बाकीच्यांना दिसणारा हवा असेल तर एखाद्या चॅनलमध्ये शिरून मग //एको -ए $ॲड्रेस($मी,५) करा. शेवटचा ५ म्हणजे पूर्ण निक!यूजर@होस्ट, त्याऐवजी २ टाकलात तर बॅनला लागतो तसा फक्त होस्टवाला मास्क बनून येतो. चॅनलमध्ये शिरायच्या आधी हे केलंत तर रिकामं येतं, कारण एमआयआरसी पत्त्यांची यादी ऐकीव गोष्टींवर बनवतो, कुणी जॉइन झालं, कुणी बोललं, की त्याचा पत्ता लिहून घेतो. एक स्लॅश दिलात तर डॉलरवाला शब्द तसाच छापला जाईल, यावर मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

हेक्सचॅटमध्ये /व्हूइज आणि पुढे आपला निक, बास. यूजरहोस्ट हवं असेल तर /क्वोट लावून पाठवा. त्याची शेवटची आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीत आली आणि लेखकाने तिथेच थांबायचं जाहीर केलं, पण चालतंय तोवर चालवा, मीही चालवतो. इर्सी वापरणाऱ्यांना सगळ्यात सोपं, चॅनलमध्ये शिरलं की स्वतःच्या जॉइनच्या ओळीत चौकटी कंसात यूजर आणि होस्ट छापून येतो.

आणि ज्यांना कशावरच भरवसा नाही त्यांच्यासाठी शेवटचा शब्द म्हणजे कच्ची ओळ. तुम्ही चॅनलमध्ये शिरता तेव्हा सर्व्हर सगळ्यांना कोलन, मग तुमचं निक!यूजर@होस्ट, मग जॉइन आणि चॅनल अशी ओळ पाठवतो आणि तीच ओळ तुम्हालाही पाठवतो. एमआयआरसी आणि हेक्सचॅट ती पोटात ठेवून 'नाउ टॉकिंग' एवढंच दाखवतात. एमआयआरसीत /डीबग आणि पुढे ॲट लावून कुठलंही खिडकीचं नाव द्या, हेक्सचॅटमध्ये विंडो मेनूत रॉ लॉग आहे, ती उघडी ठेवून चॅनलमध्ये शिरा. त्या ओळीत जे असेल ते आणि तेच जगाला दिसतं. स्क्रिप्ट लिहिताय तर हीच ओळ पकडा, यूजरहोस्टवर विसंबू नका, कारण वर सांगितलं तसं ते तुम्हाला वेगळं उत्तर देतं.

क्लोक नसेल तर बॉटसाठी काय द्यायचं यावर माझं मत थोडं कडक आहे, आणि त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी, सायबर कॅफेतून बसायचो तेव्हा, डायलअपवर दर वेळी नवा आयपी यायचा, म्हणून वैतागून मी बॉटमध्ये स्वतःचा मास्क टाकला तो तारा, उद्गार, तारा, ॲट, तारा आणि पुढे इंटरनेट कंपनीचं डोमेन. म्हणजे त्या कंपनीचा कुठलाही गिऱ्हाईक आला की बॉटला वाटणार मीच आलो. दहा-बारा दिवस छान चाललं. मग एका रात्री कुणीतरी अनोळखी पोरगा सहज शिरला, बॉटने त्याला तत्परतेने ऑप दिला, आणि त्याने गंमत म्हणून सगळ्यांना, मलासुद्धा, बाहेर काढून चॅनल लॉक केलं. माझ्याच बॉटने दिलेल्या किल्लीने. उलटा अनुभवही घेतलाय, त्याच कॅफेत शेजारच्या मशिनवरच्या पोराने कुठेतरी शिवीगाळ केली, त्याचा होस्ट बॅन झाला, आणि कॅफेतली सगळी मशिन एकाच पत्त्यामागे असल्याने आम्ही सगळेच बाहेर. तेव्हापासून होस्टवर ओळख बसवायची तर एक तर अकाउंटचा क्लोक, नाहीतर नाव बदलणार नाही असा कायमचा पत्ता, नाहीतर पासवर्डने ओळख पटवायची, मधलं काही नाही.

मोबाइलवर तर होस्ट धरून काही करणं म्हणजे पाण्यावर रेघ. तिथे हजारो लोक एकेका पब्लिक पत्त्यामागे असतात, आणि तुमच्या फोनला किंवा राउटरला १०० ने सुरू होणारा आकडा दिसला, १००.६४ ते १००.१२७ च्या मधला, तर समजा की कंपनीच्या आत आणखी एक मोठा राउटर बसलाय. ती पट्टी २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवली. आयपीव्ही६ वरून कनेक्ट झालात तर उलटं, पत्ता तुमचा एकट्याचा, पण विंडोज आणि अँड्रॉइड त्याचा मागचा अर्धा भाग आपणहून अधूनमधून बदलत राहतात, म्हणून मास्क करायचाच तर पहिले चार गट ठेवून पुढे तारा.

फाइल पाठवणं, म्हणजे डीसीसी, तिथे मात्र दुसरा पत्ता लागतो, पब्लिकवाला, क्लोक तिथे निरुपयोगी. क्लायंट समोरच्याला 'या पत्त्यावर या पोर्टवर ये' असं सांगतो आणि पत्ता सांगतो तो एक सलग आकडा करून, २०३.०.११३.४५ चा होतो ३४०५८०३८२१. क्लायंटने १९२.१६८ चा आकडा करून पाठवला तर समोरचा स्वतःच्याच घरात शोधत बसतो. हेक्सचॅटमध्ये फाइल ट्रान्सफरच्या सेटिंगमध्ये 'पत्ता आयआरसी सर्व्हरकडून घ्या' अशी खूण आहे, ती लावा. आणि वर म्हटलेल्या मोठ्या राउटरमागे असाल तर नाद सोडा, लिंक पाठवा.

आता तुटणारं मराठी.

आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, त्यातले शेवटचे २ ओळ संपल्याच्या खुणेचे. पण ही मर्यादा तुम्ही लिहिलेल्या मजकुराची नाही, सर्व्हर इतरांना जी ओळ पाठवतो तिची आहे, आणि त्या ओळीच्या डोक्यावर तुमचं निक!यूजर@होस्ट बसलेलं असतं. तुम्ही पाठवलेल्या ओळीत ते नसतं, सर्व्हर जोडतो. म्हणजे तुमच्या बाजूने ओळ मावते, तुमच्या पडद्यावर पूर्ण दिसते, आणि समोरच्याला तुटकी पोचते. तुम्हाला कळतच नाही, कुणीतरी 'पुढचं काय?' विचारतं तेव्हा कळतं.

हिशोब करून दाखवतो. समजा निक ८ अक्षरांचा, यूजर टिल्ड धरून ७, होस्ट ४०, चॅनलचं नाव १०. त्यात कोलन, उद्गार, ॲट, स्पेस, प्रिव्हमेसेज ही मेसेज पाठवायची ७ अक्षरांची कमांड आणि शेवटचे २ धरले की ८१ बाइट गेले. उरले ४३१. इंग्रजीत हे ४३१ अक्षरं, चिक्कार झालं, म्हणून इंग्रजीवाल्यांना हा त्रास क्वचित होतो. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. 'किल्ल्याला' हा शब्द आपल्या तोंडात तीन अक्षरांचा, पण आत क, वेलांटी, ल, हलन्त, ल, हलन्त, य, काना, ल, काना अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. म्हणजे त्या ४३१ मध्ये जेमतेम १४३ चिन्हं मावतात, स्पेस एका बाइटची असते म्हणून थोडी जास्त. जोडाक्षरं भरपूर असतील तर दोन-अडीच ओळीतच संपलं.

आणि सर्व्हर कापतो तो बाइट मोजून कापतो, अक्षर बघत नाही. एखाद्या चिन्हाचे ३ पैकी २ बाइट गेले आणि तिसरा कापला गेला तर समोरच्याला शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. तुम्ही 'शेपूट तुटतं' म्हणालात ते हेच.

यात होस्टचा वाटा केवढा ते बघा. होस्ट ६३ अक्षरांचा असेल तर उरतात ४०८ बाइट, १३६ चिन्हं. क्लोक १३ अक्षरांचा असेल तर उरतात ४५८, म्हणजे १५२ चिन्हं. क्लोक लावल्याने मराठीत एक-दोन शब्द जास्त मावतात, पोस्टकार्डावर शेवटी कडेला आडवं लिहायला जागा मिळावी तसं. चांगले क्लायंट हे मोजून लांब मेसेज आधीच दोन ओळींत फोडतात, पण त्यासाठी त्यांना तुमच्या दिसणाऱ्या होस्टची लांबी माहीत हवी. क्लायंटने कनेक्ट होताना एक होस्ट लक्षात ठेवला आणि नंतर क्लोक बसून होस्ट बदलला, तर हिशोब चुकू शकतो. खरा होस्ट क्लोकपेक्षा लांब असेल तर काही बिघडत नाही, थोडी जागा वाया जाते. उलट, खरा नुसता आकड्यांचा छोटा आणि क्लोक लांब असेल तर मात्र शेपूट जातं. तुम्ही चिकटवलेल्यात दिसतंय की तुमचा अकाउंट निक चांगलाच लांब आहे, त्यामुळे मला हीच शंका आहे, पण तुमची कच्ची ओळ बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. स्वतः स्क्रिप्टने फोडणार असाल तर जॉइनच्या ओळीतला होस्ट मोजा आणि वर १०-१५ बाइट सोडून द्या, काटेकोर जाऊ नका.

राहिला एक मुद्दा, क्लोक बसतो कधी. तुम्ही आधी कनेक्ट होताय, मग चॅनलमध्ये शिरताय आणि मग निकसर्व्हला (अकाउंट सांभाळणारी नेटवर्कची सेवा) पासवर्ड सांगताय असं असेल, तर मधल्या त्या दोन-चार सेकंदांत चॅनलमधल्या सगळ्यांना तुमचा खरा होस्ट दिसून जातो. नंतर 'चेंजिंग होस्ट' म्हणून तुम्ही बाहेर जाऊन परत आल्यासारखं दिसतं, ते क्लोक बसल्याचं. पण तोवर लॉगमध्ये पत्ता गेलेला असतो, आणि बॉटनेही तुम्हाला आधी बिनक्लोकचं पाहिलेलं असतं, त्यामुळे 'कधी ओळखतो, कधी नाही' असा भुताटकीचा प्रकार होतो. यावर उपाय एसएएसएल. एमआयआरसीत सर्व्हरच्या नोंदीत लॉगिन मेथड म्हणून ते निवडता येतं, हेक्सचॅटमध्येही नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आहे. त्यात ओळख कनेक्ट होतानाच पटते, चॅनलचं दार उघडायच्या आधी क्लोक अंगावर असतो.

तर तुम्ही आता एसएएसएल लावा, डिस्कनेक्ट होऊन परत या, डीबगची खिडकी उघडी ठेवून चॅनलमध्ये शिरा, आणि त्या जॉइनच्या ओळीत ॲटच्या पुढे जे येईल ते चॅनलच्या मालकाला द्या, आधी *!*@ लावून. आधीचे दोन मास्क त्याला काढून टाकायला सांगा, विशेषतः तो साइटवरून घेतलेला आकडा, कारण तुमचा पत्ता बदलला की तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेलेला असेल. मग एकदा मोबाइलच्या नेटवर दुसऱ्या निकने येऊन तुमच्या नेहमीच्या निकचं व्हूइज करून बघा. तिथे पहिल्या ओळीत होस्टच्या जागी क्लोक दिसला म्हणजे जमलं. बॉट तरीही ओळखत नसेल तर ती जॉइनची ओळ इथे टाका, तीच, व्हूइज नको.